तीन तुकडे गॅरेजमध्ये, चौथा अजून दरडीत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते कळेल. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या पूर्व भागात हेल क्रीकच्या टापूत तुमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची रँच आहे. तिथल्या एका घळीत पावसाने दरड ढासळली आणि गडद तपकिरी रंगाचं, चांगलं जाडजूड हाड उघडं पडलं. तीन तुकडे सहज हाताला आले, ते तुम्ही डिकीत घालून घरी आणले. एकापुढे एक ठेवले तर लांबी तीन फूट भरते. चित्रांशी ताडून पाहिल्यावर ते बदकचोच्या डायनोसॉरच्या पायाचं असावं असं तुम्हाला वाटतंय. आता तुम्हाला हवंय ते असं: हे खरंच बदकचोच्याचं का, तुकडे सुपरग्लूने चिकटवावेत का, वर बसलेला दगड व्हिनेगरने निघेल का, शेवटी वॉर्निशचा हात मारावा का, आणि विकलं तर चालेल का.

या पाच प्रश्नांच्या मध्येच तुम्ही जाता जाता लिहून गेलात की एक टोक अजून दरडीतच आहे आणि येत्या शनिवारी कुदळ घेऊन जायचा बेत आहे. माझ्या मते खरा प्रश्न तो आहे. गॅरेजमधल्या तुकड्यांना कसलीही घाई नाही. घाई कुदळीला आहे, म्हणून सुरुवात तिथून.

मी गेली बावीस वर्षं जीवाश्म साफ करायचं आणि जोडायचं काम करतो. त्यातला मोठा वाटा बदकचोच्यांचा, कारण त्या टापूत ट्रायसेराटॉप्स आणि हे, दोघंच उदंड सापडतात. शास्त्रज्ञ मी नाही. शास्त्रज्ञांच्या टेबलावर हाड पोचायच्या आधी ते ज्याच्या टेबलावर असतं तो माणूस मी. तेव्हा पुढचं सगळं त्या बाजूने वाचा.

कुदळीच्याही आधी एक गोष्ट पक्की करा: ती दरड कुणाची? तुम्ही म्हणाल, रँच त्यांची म्हणजे दरडही त्यांचीच. पूर्व मोंटानात तसं गृहीत धरता येत नाही. खासगी जमिनीच्या मध्ये मध्ये केंद्र सरकारच्या जमिनीचे चौकोन असतात. रँचवाले ते चराईसाठी भाड्याने घेतात, आणि दोन पिढ्या तिथे गुरं चरली की घरातली मुलंही त्याला आपलंच कुरण म्हणायला लागतात. कुंपण हद्दीवरच घातलेलं असतं असंही नाही. केंद्र सरकारच्या जमिनीवरून पृष्ठवंशी प्राण्याचं जीवाश्म परवान्याशिवाय उचलायला २००९ च्या कायद्याने बंदी आहे, आणि त्यात जमिनीवर सुटा पडलेला तुकडाही आला. शिंपले, पानांचे ठसे यांना थोडी सूट आहे, हाडांना नाही. राज्याच्या जमिनीवरही परवाना लागतो. आदिवासी जमातींच्या राखीव भूमीचं गणित आणखी वेगळं. ‘स्यू’ या नावाने गाजलेला टी. रेक्स १९९० साली साउथ डकोटात निघाला तो जमीनमालकाला पैसे देऊन काढलेला होता. नंतर निघालं की ती जमीन केंद्र सरकारने त्या मालकासाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे, आणि व्यवहारच रद्द ठरला. पुढे १९९७ मध्ये त्याच सांगाड्याचा लिलाव झाला तो ८३ लाख ६० हजार डॉलरला, पण ज्यांनी उन्हातान्हात तो खोदून काढला त्यांच्या हाती काही लागलं नाही.

तेव्हा जागेवर उभं राहून फोनवर अक्षांश-रेखांश टिपा आणि काउंटीच्या जमीन-नकाशावर तो बिंदू ठेवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. बिंदू सरकारी चौकोनात पडला, तर तीन तुकडे घेऊन स्वतःहून ती जमीन सांभाळणाऱ्या खात्याच्या कार्यालयात जा आणि काय घडलं ते सरळ सांगा. खासगी जमिनीत पडला तर हाड जमीनमालकाचं. मधे काही वर्षं यातही गोंधळ होता. एका रँचवर दोन डायनोसॉरचे सांगाडे एकमेकांना खेटून सापडले आणि जमिनीखालच्या खनिजांचा हक्क ज्यांच्याकडे होता ते म्हणाले, जीवाश्म म्हणजे खनिजच, त्यात आमचाही वाटा. २०१८ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तसा निकालही दिला होता. मग २०१९ मध्ये मोंटानाने कायदा करून जीवाश्म जमिनीच्या मालकाचे ठरवले आणि २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते खनिज नव्हे असं सांगितलं. म्हणजे तुमच्या बाबतीत हाडाचे धनी तुमचे स्नेही. त्यांच्याकडून एक साधा कागद लिहून घ्या: कोणती जागा, काय सापडलं, तुम्हाला काय करायची मुभा आहे. मैत्रीत कागद कशाला, असं वाटेल. पण विकायची गोष्ट तुम्ही स्वतःच काढली आहे, आणि पैशाचा विषय निघाला की तोंडी बोलणं दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

हे जुळलं असं धरून आता दरडीकडे येतो.

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या हंगामातली गोष्ट. एका उतारावर बदकचोच्याच्या नडगीचं टोक वर आलं होतं. संध्याकाळ झालेली, आभाळ भरून आलेलं. म्हटलं, एवढं एकच हाड आहे, काढूनच जाऊ. खालून दोन्ही हात घातले आणि उचललं. हातात आलं ते वरचं टरफल. आतला सगळा गर भुगा होऊन जागेवरच बसला. बाहेरून ते हाड भक्कम दिसत होतं कारण आजूबाजूच्या मातीने त्याला चारी बाजूंनी दाबून धरलं होतं, आणि मी नेमका तो आधारच काढून घेतला. पुढचे दोन महिने त्या भुग्यातून चिमट्याने कण वेचत बसलो, तरी अर्धं हाड गेलं ते गेलंच.

म्हणून शनिवारी जा, पण कुदळ गाडीतच राहू द्या. मोजपट्टी, कंपास, फोन, मऊ ब्रश, वही आणि पुष्कळ झिपच्या पिशव्या न्या. आधी फोटो काढा: लांबून पूर्ण घळ, मग दरड, मग हाडाचं टोक, प्रत्येकात मोजपट्टी आणि उत्तरेकडे बाण. हाड कोणत्या थरात आहे ते बघा. खाली-वर काय आहे, वाळूचा दगड की राखाडी चिकणमातीचा, तेही लिहा. वाळूचा असेल तर बहुधा जुन्या नदीच्या पात्रात वाहत येऊन पडलेलं हाड, चिकणमातीचा असेल तर पूरमैदानात पडलेलं. दुसऱ्या बाबतीत शेजारी आणखी हाडं असण्याची आशा जरा जास्त. उतारावर ओघळून आलेले नखाएवढे तुकडेसुद्धा वेचा, पण वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीवर ‘उतारावरचे’ असं लिहून. तुमच्या तीन तुकड्यांत जिथे खाचा दिसतील तिथल्या खपल्या नव्वद टक्के त्या पिशवीत असतात.

मग ब्रशने, वरच्या बाजूने, हाडाच्या मागची माती वीतभर हलकेच झाडा. हाड संपलं आणि पुढे नुसता दगड लागला, तर तुमच्याकडे एकटं हाड आहे. पण पुढे दुसरं हाड डोकावलं, खुब्याचा खळगा किंवा शेपटीचे मणके ओळीने, तर तिथेच थांबा, वर माती लोटा आणि जवळच्या एखाद्या संग्रहालयातल्या जीवाश्म विभागाला फोन करा. सांगाडा सुटा सुटा काढणं हे माझ्यासारख्याच्या एकट्याच्याही आवाक्यातलं काम नाही.

एकटं टोक असेल तर काढता येतं, फक्त उपसून नाही. वरची माती आधी, मग चारी बाजूंनी चर, आणि हाड मातीच्या एका ओट्यावर राहील असं करत जायचं. त्यावर ओल्या टिश्यू पेपरचे दोन-तीन थर, म्हणजे प्लास्टर हाडाला धरणार नाही. मग प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, एकीवर एक चढलेल्या, ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत. सुकलं की ओटा खालून कापून सगळं एका झटक्यात उलटं करायचं. पहिल्यांदा करताना सोबत कुणीतरी केलेलं असावं एवढंच म्हणेन. आणि हाडाला चिकटलेली माती तिथे काढत बसू नका. २००९ साली मोंटानाच्याच जुडिथ रिव्हर नावाच्या खडकाच्या थरातल्या ब्रॅकिलोफोसॉरस या बदकचोच्याच्या मांडीच्या हाडातून मूळच्या प्रथिनांचे अवशेष मिळाल्याचं ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झालं. ते हाड भोवतीच्या वाळूच्या दगडासकट उचललं होतं आणि त्याला डिंक वा रसायन लावलेलं नव्हतं. तुमच्या हाडात तसं काही असेल असा दावा मी करत नाही. पण मातीचा जाड थर हे हाडाचं उत्तम वेष्टन आहे आणि ते फुकट मिळालेलं आहे.

आता ओळख. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात सगळ्यात कामाची ओळ ही: ‘मधल्या तुकड्याला मागच्या बाजूने पंख्यासारखा एक उंचवटा आहे.’ तो ‘चौथा ट्रोकँटर’, आणि त्यानेच मला हाड मांडीचं म्हणजे फीमर आहे, नडगीचं नाही, हे सांगितलं. शेपटीच्या मुळापासून निघणारा जाड स्नायू तिथे येऊन चिकटायचा आणि पाय मागे खेचायचा. बदकचोच्यांत हा उंचवटा मोठा, त्रिकोणी, दांड्याच्या जवळपास मध्यावर असतो, आणि दांडा त्या मानाने सरळ. ट्रायसेराटॉप्सच्या मांडीच्या हाडावर तो नुसत्या बुटक्या कण्यासारखा उरतो आणि हाड एकूण जास्त रुंद, खांबासारखं. नवखे लोक ही दोन हाडं सर्रास एकमेकांत मिसळतात. विकणारेही मिसळतात, काही वेळा चुकून.

दुसरी खूण गुडघ्याच्या टोकाला. बदकचोच्याच्या फीमरच्या खालच्या दोन गाठी समोरच्या बाजूला एकमेकींकडे इतक्या वळतात की मधल्या खाचेचा जवळजवळ बोगदा होतो. मोठ्या वयाच्या हाडात तर बोट आत जाऊन अडकेल असा. तुमचं दरडीत राहिलेलं टोक गुडघ्याचं असेल तर ब्रश फिरवताना ती खाच शोधा. खुब्याचं असेल तर गोल डोकं दिसेल, आतल्या बाजूला वळलेलं. त्यावरून पाय डावा की उजवा तेही कळतं: हाड उभं धरा, चौथा ट्रोकँटर तुमच्याकडे, म्हणजे तुम्ही प्राण्याच्या मागे उभे आहात. डोकं तुमच्या उजव्या हाताला वळलं असेल तर पाय डावा.

तुटलेला काप भिंगाखाली धरा. बाहेरची भिंत जाड आणि घट्ट, आतल्या बाजूला जाळीदार, आणि मध्ये मज्जेची पोकळी, जी आता बहुधा मातीने किंवा चमकदार खनिजाने भरलेली असेल. भिंत पातळ आणि पोकळी फार मोठी असेल तर मांसाहारी डायनोसॉरचा विचार करावा लागतो, पण चौथ्या ट्रोकँटरच्या वर्णनावरून मला तशी शंका येत नाही. जीभ लावून बघायची जुनी युक्ती तुम्ही कुठेतरी वाचली असेल. हाड जिभेला चिकटतं, दगड नाही. चालते ती बऱ्याचदा, पण गुरांच्या वाटेवरच्या घळीतलं हाड मी चाटणार नाही.

जातीचं काय? इथे परिस्थितीवर सगळं अवलंबून आहे. नुसत्या मांडीच्या हाडावरून बदकचोच्यांची जात सांगता येत नाही. या मंडळींचे खरे फरक कवटीत आणि तुऱ्यात. जात सांगतं ते ठिकाण. तुमची घळ खरोखर हेल क्रीकच्या थरात असेल, म्हणजे साधारण ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, तर एडमोंटोसॉरस अनेक्टेन्स म्हणायला मला फार धाडस लागणार नाही. तिथे दुसरा दावेदार जवळपास नाहीच. पण तेच हाड जुडिथ रिव्हर थरातून आलं असेल तर ब्रॅकिलोफोसॉरससह बरीच नावं पुढे येतात, आणि टू मेडिसिन थरातलं असेल तर मायासॉरासारखी. म्हणजे वहीत अक्षांश-रेखांश आणि थर लिहिलेला असेल तर तुमच्या हाडाला नाव आहे, नाहीतर ते ‘बदकचोच्याची मांडी, अमेरिका’ एवढंच. लेबल हरवलेली अशी कितीतरी हाडं संग्रहालयांच्या तळघरांत पडून आहेत. त्यांचं कुणी काही करू शकत नाही.

यावरून एक जुनी गोष्ट. अमेरिकेत डायनोसॉरचा पहिला बऱ्यापैकी भरलेला सांगाडा निघाला तो बदकचोच्याचाच, न्यू जर्सीतल्या हॅडनफील्डला, १८५८ साली. विल्यम पार्कर फोक या गृहस्थाने तो खणायचं ठरवलं कारण जमीनमालक हॉपकिन्स याने त्याला सांगितलं की वीसेक वर्षांपूर्वी याच खड्ड्यातून मोठाली हाडं निघाली होती. ती हाडं कुठे गेली? पाहुण्यांनी एकेक करून नेली. फोकने पुन्हा खणलं, जोसेफ लायडी या शास्त्रज्ञाने त्या हाडांना हॅड्रोसॉरस फोल्काय हे नाव दिलं, आणि दंडाच्या हाडापेक्षा मांडीचं हाड खूपच मोठं असल्याचं पाहून हा प्राणी मागच्या पायांवर उभा राहत असावा असं ताडलं. तोवर डायनोसॉर म्हणजे चार खांबांवरची अवजड सुसर अशीच कल्पना होती. एका मांडीच्या आणि एका दंडाच्या हाडाने ती मोडली. पण कवटी मिळाली नाही, आणि पाहुण्यांनी नेलेली हाडंही परत आली नाहीत. तुमच्या डिकीतल्या तीन तुकड्यांबद्दल वाचताना मला ते पाहुणे आठवले, रागावू नका.

आता गॅरेज. सुपरग्लू वाईट असं मी सरसकट म्हणणार नाही. उघड्यावर, वारा सुटलेला असताना, केसाएवढी भेग धरून ठेवायला मी स्वतः तो वापरलाय. पण मोठे सांधे जोडायला नको, कारण तो हाडात खोल शिरतो आणि नंतर निघता निघत नाही. आणि सांधा कधी ना कधी सोडवावाच लागतो: पहिल्या प्रयत्नात अर्धा मिलिमीटर चुकलेला सांधा तिसऱ्या तुकड्यापर्यंत बोटभर फट होऊन बसतो.

आमच्याकडे रोजच्या वापरातलं औषध म्हणजे पॅरालॉइड बी-७२, ॲक्रिलिक प्लास्टिकचा एक डिंक. पारदर्शक दाणे मिळतात, ते ॲसिटोनमध्ये विरघळतात, आणि वर्षांनंतरही ॲसिटोनचा बोळा फिरवला की सांधा सुटतो. दाणे बाटलीच्या तळाशी टाकले तर गोळा होऊन बसतात. जुन्या सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून ॲसिटोनमध्ये लोंबकळत ठेवा, रात्रीत विरघळतात. दोन बाटल्या करा. एक पातळ, १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम, ठिसूळ जागा पक्क्या करायला. दुसरी घट्ट, दाणे आणि ॲसिटोन वजनाने निम्मे-निम्मे, चिकटवायला. बाटल्या काचेच्या हव्यात, काही प्लास्टिक ॲसिटोनने विरघळतं. हातमोजे घाला, दार उघडं ठेवा, आणि त्याच गॅरेजमध्ये गॅसचा पाणी तापवायचा बंब असेल तर काम अंगणात करा. ॲसिटोनची वाफ जमिनीलगत सरकत जाऊन पेट घेते.

हाड पूर्ण वाळलेलं असल्याशिवाय यातलं काहीही लावू नका. ओल्या हाडावर हे द्रावण पांढरं पडतं, दुधाची साय धरल्यासारखं. सावलीत, वर सैल कागद टाकून, आठवडेच्या आठवडे वाळू द्या. पंखा नको, ऊन तर नकोच. बाहेरचं लवकर वाळून आकसतं, आतलं मागे राहतं, आणि लांबच लांब भेगा जातात.

मग जोडणी. आधी कोरडी करून बघा, डिंक न लावता. तुटलेल्या दोन कडा समोरासमोर आणून हलकेच फिरवत राहायचं. बरोबर जागा आली की हाताला कळतं, बारीकसा खट्ट होतो आणि तुकडा सरकायचा थांबतो. तो खट्ट आला नाही तर मध्ये वाळूचा कण आहे किंवा एक खपली कमी आहे. कडांवरची माती कोरड्या ब्रशने काढा, खरवडू नका. तुटलेली धार हाच तुमचा नकाशा आहे. तिन्ही तुकडे एकदम कोरडे बसवून पाहिल्याशिवाय पहिले दोन चिकटवू नका, नाहीतर तिसऱ्याला आत शिरायला वाटच उरत नाही. वाळूने भरलेली एक मोठी परात किंवा खोकं घ्या, खालचा तुकडा त्यात उभा रोवा, वरचा त्याच्या स्वतःच्या वजनाने बसू द्या. दोन्ही कडांना आधी पातळ द्रावणाचा हात, सुकल्यावर घट्ट द्रावण, दाबा, आणि दोन दिवस हात लावू नका.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो. तीन-साडेतीन फुटी फीमर जड असते, आणि बी-७२ सुमारे ४० अंश सेल्सियसला मऊ पडायला लागतं. उन्हाळ्यात बंद गॅरेज किंवा उन्हातली गाडी तिथवर सहज जाते आणि सांधा हळूहळू झुकतो. हाड कायम आडवं, पूर्ण लांबीला आधार देऊन ठेवणार असाल तर बी-७२ पुरेल. उभं ठेवायचं असेल तर मधल्या सांध्याला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा डिंक, लागेल, पण दोन्ही कडांवर आधी बी-७२ चा थर देऊन. म्हणजे इपॉक्सी हाडाला न धरता त्या थराला धरते, आणि गरज पडली तर सांधा पुन्हा सोडवता येतो. माझं मत विचाराल तर आडवंच ठेवा.

व्हिनेगर अजिबात नको. हाड म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. ॲसिड दगडाबरोबर हाडही खातं. प्रयोगशाळेत ॲसिडने जीवाश्म मोकळे करतात हे खरं, पण ते ठरावीक दगडात, हाडावर संरक्षक थर देत देत, महिनोन्‌महिने चालणारं काम आहे. हेल क्रीकचा दगड बहुतेक वेळा इतका भुसभुशीत असतो की लाकडी काडी, दातांच्या डॉक्टरची जुनी आकडी आणि ब्रश पुरतात. काडी हाडाला समांतर चालवा, हाडाकडे टोचू नका. काही ठिकाणी गंजासारखा तांबडा-काळा, टणक लोहाचा पापुद्रा बसलेला असेल. तो काडीने निघणार नाही. हवेच्या दाबावर चालणारी बारीक छिन्नी लागते, आणि नवशिक्याच्या हातात ती पापुद्र्याऐवजी हाडच उडवते. तो तसाच राहू द्या. मीही बऱ्याचदा सोडतो.

वॉर्निश नको. हाड चमकतं, पिवळं पडतं, आणि खालचे बारीक ओरखडे कायमचे झाकले जातात. त्या ओरखड्यांत काय काय असतं! बदकचोच्यांच्या हाडांवर टी. रेक्सच्या दातांचे व्रण सापडतात. एका शेपटीच्या मणक्यात तर दाताचा तुकडाच रुतलेला आणि वरून हाड भरून आलेलं मिळालं, म्हणजे तो प्राणी हल्ल्यातून वाचला होता. तिरप्या प्रकाशात, भिंगाखाली, तुमच्या हाडाची बाहेरची बाजू एकदा नीट बघून घ्या. समांतर ओरखडे दिसले तर त्यांना ब्रशसुद्धा जपून लावा.

तुटलेला काप गुळगुळीत घासून ‘आतलं दिसावं’ असं करायचा मोहही टाळा. हाडाच्या आत झाडाच्या खोडासारख्या वाढीच्या रेषा असतात. २०१५ साली मायासॉराच्या ५० नडग्यांचे पातळ काप करून त्यांचं वय काढलं, तर जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के पहिल्याच वर्षात मरत असावेत, तिसऱ्या वर्षी वयात येत आणि आठव्या वर्षापर्यंत वाढ पुरी होत असे, असं निघालं. हे जमलं कारण हाडं एकाच ठिकाणची होती आणि कुठली ते लिहिलेलं होतं. तुमच्या हाडाचा काप कधी कुणाला घ्यावासा वाटला तर तो मध्याजवळून घेतील, म्हणजे नेमका तुम्ही घासायला निघालेल्या जागेजवळून.

विकण्याबद्दल थोडक्यात. खासगी जमीन, मालकाचा कागद, तर मोंटानात कायद्याची आडकाठी नाही. भाव मी सांगत नाही, तो माझा प्रांत नव्हे. एकटी फीमर ही फार दुर्मीळ वस्तू नाही एवढं लक्षात ठेवा. आणि दरडीच्या आत सांगाडा निघाला तर मात्र आधी संग्रहालयाशी बोला, व्यापाऱ्याशी नंतर.

जाता जाता आणखी एक: हाडं भूजलातून युरेनियम शोषून घेतात, म्हणून काही जीवाश्म किंचित किरणोत्सारी असतात. एका हाडाने घाबरायचं कारण नाही, पण ते झोपायच्या खोलीत नको, हवा खेळती असेल तिथे ठेवा. आणि दमट तळघरातही नको. आत पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असेल तर ओलसर हवेत ते फुगतं, राखाडी-पिवळी भुकटी सुटायला लागते आणि हाड आतून फुटतं. तशी भुकटी दिसली तर तुकडा बाकीच्यांपासून वेगळा करून कोरड्या, झाकणबंद डब्यात घाला.

तर शनिवारी परत आल्यावर चार फोटो टाका: दरडीतल्या टोकाचा समोरून, त्या थराचा लांबून, मधल्या तुकड्याचा ट्रोकँटर दिसेल असा, आणि तुटलेल्या कापाचा जवळून, प्रत्येकात मोजपट्टी. टोक गुडघ्याचं आहे की खुब्याचं ते मी त्यावरून सांगेन, आणि काढायचं की तसंच झाकून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवायचं तेही. तोवर त्या तीन तुकड्यांच्या खोक्यावर आजच तारीख, रँचचं नाव आणि घळ कुठली ते पेनने नव्हे, पेन्सिलीने लिहून चिठ्ठी आत टाका. ॲसिटोन सांडलं तर पेनाची शाई जाते, पेन्सिल राहते.